जुन्या ट्रॅक्टरवरील अल्टरनेटर: जोडणी आणि दोषशोध

जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार उतरू लागली की बहुतेकांचा पहिला संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर जातो. तो उतरवला जातो, दुरुस्त होऊन किंवा बदलून पुन्हा बसतो आणि बॅटरी पूर्वीसारखीच उतरत राहते. अशा वेळी दोष बहुधा गंजलेल्या जोडात, रंगावर बसवलेल्या अर्थमध्ये (चासीकडील परतीच्या जोडात) किंवा चार्जिंगच्या दिव्याच्या बारीक वायरीत असतो आणि साध्या मल्टिमीटरने तो थोड्या वेळात पकडता येतो. म्हणून या लेखात जोडणीइतकाच भर मोजणीवर दिला आहे. एखादा भाग बदलण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना किती व्होल्ट आहेत हे माहीत असलेच पाहिजे, ही शिस्त नवशिक्याने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आधी ट्रॅक्टर ओळखावा

१९६० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर मुळात डायनॅमो, म्हणजे वीज बनवणारे जुन्या पद्धतीचे यंत्र होते आणि त्याच्या जोडीला कटआउट (बॅटरीची वीज डायनॅमोत परत जाऊ न देणारा स्विच) व रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) असलेली वेगळी पेटी होती. अनेक ट्रॅक्टरांवर बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक चासीला, म्हणजे अर्थला जोडलेले असे. १९४७ ते १९५२ या काळात तयार झालेला फोर्ड ८एन हा त्याचा प्रसिद्ध नमुना असून त्याची मूळ यंत्रणा ६ व्होल्टची व पॉझिटिव्ह अर्थची आहे. आज सहज मिळणारे अल्टरनेटर मात्र जवळजवळ सर्वच १२ व्होल्टचे आणि निगेटिव्ह अर्थचे असतात. असा अल्टरनेटर पॉझिटिव्ह अर्थच्या ट्रॅक्टरला तसाच जोडला, तर त्यातील डायोडमधून (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांतून) बॅटरीचा संपूर्ण प्रवाह उलट मार्गाने वाहतो आणि ते क्षणार्धात जळतात. त्यामुळे बॅटरीचे कोणते टोक चासीला गेले आहे हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. वायरीच्या रंगावर किंवा आधीच्या मालकाच्या सांगण्यावर विसंबू नये, कारण इतक्या वर्षांत वायरिंग एकदा तरी बदललेले असण्याची शक्यता मोठी असते.

पॉझिटिव्ह अर्थचा ट्रॅक्टर निगेटिव्ह अर्थवर आणणे अवघड नाही. बॅटरी फिरवून तिचे निगेटिव्ह टोक चासीला जोडावे. अ‍ॅमीटरच्या मागील दोन वायरींची अदलाबदल करावी, नाहीतर चार्जिंग सुरू असताना काटा उलट्या बाजूला जाईल. पेट्रोल इंजिन असल्यास इग्निशन कॉइलच्या दोन्ही वायरी बदलून घ्याव्यात, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉइलच्या निगेटिव्ह टोकावर येईल. जुन्या स्टार्टर मोटरमध्ये कायम चुंबक नसून फील्डची, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणारी गुंडाळी असते, त्यामुळे बॅटरीची टोके बदलली तरी ती पूर्वीच्याच दिशेने फिरते आणि तिला हात लावावा लागत नाही.

६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर जाताना काम थोडे वाढते. सर्व बल्ब १२ व्होल्टचे घ्यावे लागतात, कॉइल १२ व्होल्टची लावावी लागते किंवा जुन्या कॉइलच्या वायरीत योग्य रेझिस्टर घालावा लागतो आणि इंधनाचे किंवा तापमानाचे मीटर विजेवर चालणारे असल्यास त्यांचा व्होल्टेज कमी करण्याची सोय करावी लागते. ६ व्होल्टची स्टार्टर मोटर १२ व्होल्टवर चालते आणि जोमाने फिरते, पण ती सलग काही सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये.

अल्टरनेटरची निवड आणि बसवणी

मोठ्या अल्टरनेटरचा मोह टाळावा. ५५ वॅटचे दोन हेडलाइट, तेवढाच एक मागचा कामाचा दिवा आणि ५ वॅटचे दोन लाल दिवे धरले तर एकूण भार १७५ वॅट होतो, म्हणजे साडेतेरा व्होल्टला सुमारे १३ अँपिअर. ३५ अँपिअरचा अल्टरनेटर हा भार पेलून बॅटरीही भरतो. ६० किंवा ७० अँपिअरचा बसवला, तर त्याला जाड वायर लागते आणि मूळचा ३०-०-३० चा अ‍ॅमीटर त्याच्या प्रवाहाला अपुरा पडतो.

अल्टरनेटरची पुली इंजिनच्या पुलीच्या आणि पाण्याच्या पंपाच्या पुलीच्या अगदी सरळ रेषेत यायला हवी. सरळ पट्टी धरून ही रेषा तपासावी आणि फरक असेल तर ब्रॅकेटमागे वॉशर घालून तो काढावा. डायनॅमोचा पट्टा बहुधा रुंद असतो आणि मोटारगाडीच्या अल्टरनेटरची पुली अरुंद असते, म्हणून पट्टा खोबणीच्या दोन्ही कडांवर टेकतो की वर तरंगतो हे पाहून गरज असेल तर पुली बदलावी. दोन पुल्यांमधील पट्ट्याचा सर्वांत लांब भाग अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर खाली जावा. अल्टरनेटर बहुतेक वेळा कोणत्याही दिशेने फिरला तरी वीज देतो, परंतु त्याच्या पंख्याची पाती एका दिशेसाठी कललेली असतील, तर उलट फिरल्यास त्याला पुरेशी हवा मिळत नाही आणि तो तापतो.

ब्रॅकेटच्या संदर्भात एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नव्याने रंगवलेल्या ट्रॅक्टरवर ब्रॅकेट आणि इंजिन यांच्यामध्ये रंगाचा थर असतो. अल्टरनेटरची निगेटिव्ह बाजू त्याच्या धातूच्या अंगातूनच परत जाते, त्यामुळे हा थर म्हणजे परतीच्या वाटेवरचा अडथळा ठरतो. बोल्टभोवतीचा रंग पॉलिश पेपरने खरवडून धातू उघडा करावा आणि त्याशिवाय अल्टरनेटरच्या अंगापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत एक स्वतंत्र जाड अर्थ वायर द्यावी. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि पुढचे अनेक घोटाळे त्यामुळे टळतात.

वायरिंग

हात घालण्यापूर्वी बॅटरीची अर्थची केबल प्रथम काढावी आणि सर्व काम पूर्ण झाल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी. जुनी रेग्युलेटरची पेटी आता निरुपयोगी होते, कारण अल्टरनेटरच्या आतच रेग्युलेटर असतो. पेटी दिसण्यापुरती जागेवर ठेवली तरी चालेल, पण तिच्यातून कोणताही प्रवाह जाऊ देऊ नये. डायनॅमोच्या फील्डची वायर दोन्ही टोकांना काढून टाकावी किंवा तिची टोके इन्सुलेशनने बंद करावीत.

अल्टरनेटरच्या मागे मुख्यतः दोन प्रकारची टोके असतात. जाड स्टड असलेल्या टोकावर ‘बी प्लस’ किंवा ‘बॅट’ असे लिहिलेले असते आणि बॅटरीकडे जाणारा सर्व प्रवाह त्यातून बाहेर पडतो. बारीक टोकावर ‘डी प्लस’, ‘एल’ किंवा ‘इंड’ असे लिहिलेले असते आणि ते चार्जिंगच्या दिव्याशी जोडायचे असते. काही अल्टरनेटरांना व्होल्टेज ओळखण्यासाठी तिसरे टोक असते. डेल्को १०एसआय या प्रकारात प्लगवर १ आणि २ असे आकडे असतात, त्यांपैकी १ हे दिव्याचे आणि २ हे व्होल्टेज ओळखण्याचे टोक आहे. ‘डब्ल्यू’ अशी खूण असलेले टोक इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरसाठी असते आणि तसा मीटर नसल्यास ते झाकून मोकळे सोडावे.

जाड वायरीपासून सुरुवात करावी. ३५ अँपिअरच्या अल्टरनेटरसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. दोन मीटर लांबीत पूर्ण प्रवाहाला तिच्यावर सुमारे ०.२ व्होल्ट पडतात, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीवर जवळजवळ अर्धा व्होल्ट पडतो आणि तेवढा व्होल्टेज बॅटरीला कमी मिळतो. अ‍ॅमीटर कायम ठेवायचा असेल, तर बी प्लसची वायर अ‍ॅमीटरच्या त्या टोकाला जोडावी जे बॅटरीकडे जात नाही आणि दिव्यांचा व स्विचचा पुरवठाही त्याच टोकावरून घ्यावा. अशा जोडणीत काटा बॅटरीत जाणारा किंवा तिच्यातून बाहेर पडणारा प्रवाहच दाखवतो. अल्टरनेटर मोठा असल्यास वायर थेट स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला वीज देणाऱ्या चुंबकीय स्विचच्या) बॅटरीकडील स्टडवर न्यावी आणि अ‍ॅमीटरऐवजी व्होल्टमीटर लावावा. बी प्लसच्या वायरीत योग्य क्षमतेचा फ्यूज हवा आणि तो बॅटरीच्या बाजूच्या टोकाजवळ असावा. ही वायर कुठे घासून चासीला टेकली, तर आग लावण्याइतका प्रवाह बॅटरीतूनच येणार असतो, ही त्यामागील भूमिका आहे. या स्टडवर इंजिन बंद असतानाही बॅटरीचा दाब असतो, म्हणून त्यावर रबरी टोपी बसवावी.

आता बारीक वायर. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच होते. अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात कायम चुंबक नसतो. तो गुंडाळीतून प्रवाह गेल्यावरच चुंबक बनतो आणि सुरुवातीचा हा प्रवाह बॅटरीकडून इग्निशन स्विच, चार्जिंगचा दिवा आणि डी प्लस या वाटेने येतो. चावी फिरवल्यावर दिवा लागतो तो याच प्रवाहामुळे. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागला की डी प्लसवरील व्होल्टेज बॅटरीइतका होतो, दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा सूचना देण्यासोबतच अल्टरनेटरला जागे करण्याचे कामही करतो, म्हणून बल्ब १२ व्होल्ट आणि २.२ ते ३ वॅटचा असावा. एलईडीमधून जाणारा प्रवाह यासाठी फारच कमी असतो. एलईडीच लावायचा असेल, तर त्याला समांतर सुमारे ६८ ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर जोडावा. दिवा बसवायला जागाच नसेल, तर तोच रेझिस्टर दिव्याच्या जागी घालता येतो.

पेट्रोल ट्रॅक्टरवर डी प्लसची वायर मधे काहीही न घालता सरळ इग्निशन स्विचला जोडली, तर चावी बंद केल्यावरही इंजिन चालूच राहते, कारण फिरणारा अल्टरनेटर त्याच वायरीतून उलट दिशेने कॉइलला वीज पुरवतो. मधे बल्ब असल्यास त्यातून जाणारा प्रवाह कॉइलला पुरत नाही आणि इंजिन बंद पडते. तरीही बंद होण्यास वेळ लागत असेल, तर त्या वायरीत एक डायोड घालावा आणि त्यावरील पट्ट्याची खूण अल्टरनेटरच्या बाजूला ठेवावी. बंद करण्यासाठी दांडा ओढावा लागतो अशा डिझेल ट्रॅक्टरवर हा प्रश्न येत नाही.

व्होल्टेज ओळखणारे तिसरे टोक असल्यास त्याची वायर बी प्लसच्या स्टडवरच गुंडाळून मोकळे होण्याची पद्धत आहे. त्यापेक्षा ती बॅटरी आणि दिव्यांचा पुरवठा जिथे एकत्र येतात त्या जोडापर्यंत नेणे चांगले, कारण त्यामुळे वायरीत पडणारा व्होल्टेज रेग्युलेटर स्वतः भरून काढतो.

एकाच वायरीचा अल्टरनेटरही मिळतो. त्याला दिव्याची वायर लागत नाही आणि रोटरमधील उरल्यासुरल्या चुंबकत्वावर तो स्वतः जागा होतो, मात्र त्यासाठी त्याला प्रत्येक वेळी बऱ्याच वेगाने फिरवावे लागते. संथ चालणाऱ्या जुन्या इंजिनवर दर वेळी सुरू केल्यानंतर थ्रॉटल वाढवल्याशिवाय तो चार्ज करीत नाही. माझ्या मते अशा इंजिनला दिव्याची वायर असलेला अल्टरनेटरच योग्य.

सुरू करताना

बॅटरी वेगळ्या चार्जरने आधी पूर्ण भरून घ्यावी. पूर्ण उतरलेली बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटरवर सोपवले, तर तो तासन्‌तास पूर्ण भाराने चालतो आणि तापतो. काही तास विश्रांती दिलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दिसावेत. १२.२ म्हणजे ती सुमारे निम्मी उतरलेली आहे.

चावी बंद ठेवून बी प्लस आणि अल्टरनेटरचे अंग यांच्यामध्ये मोजावे. बॅटरीइतकेच व्होल्ट मिळाले पाहिजेत. चावी फिरवल्यावर दिवा लागला पाहिजे. या अवस्थेत लोखंडी स्क्रू ड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या मागील बेअरिंगजवळ नेले, तर ते हलकेच ओढले गेल्याचे हाताला जाणवते. चावी बंद करताच ती ओढ नाहीशी होते. ही ओढ जाणवली म्हणजे दिवा, कार्बन ब्रश, स्लिप रिंग (ब्रशांकडून रोटरला वीज पोहोचवणाऱ्या फिरत्या कड्या) आणि रोटर यांच्यातून प्रवाह वाहतो आहे, एवढी खात्री काहीही न उघडता होते.

इंजिन सुरू करून थोडा वेग द्यावा. दिवा विझावा आणि बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. सर्व दिवे लावून मध्यम वेगावर पुन्हा मोजावे आणि आकडा साडेतेराच्या आसपास किंवा वर टिकतो का ते पाहावे.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून चार्जिंग तपासण्याची जुनी सवय डायनॅमोच्या काळातील आहे. अल्टरनेटरवर ती कधीही करू नये. भार अचानक तुटल्याने व्होल्टेजची उसळी येते आणि रेग्युलेटर किंवा डायोड जळू शकतात. डायनॅमोप्रमाणे फील्डला बॅटरीची ठिणगी देण्याचीही येथे गरज नसते आणि त्यातून नुकसानच होते. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचे असेल, तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवाव्यात.

दोष शोधताना

चावी फिरवूनही दिवा लागत नसेल, तर डी प्लसची वायर अल्टरनेटरवरून काढून इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवावी. दिवा लागला, तर वायर आणि बल्ब ठीक आहेत आणि दोष अल्टरनेटरच्या आत, बहुधा झिजलेल्या कार्बन ब्रशांत आहे. लागला नाही, तर बल्ब, त्याचा होल्डर, स्विच आणि वायर या क्रमाने तपासावे. बल्ब गेलेला असताना कधीकधी वेग वाढवल्यावर अल्टरनेटर आपोआप जागा होतो आणि मग दोष येतो-जातो असा भास होतो. तिथे हीच चाचणी उपयोगी पडते.

इंजिन चालू असताना दिवा तसाच प्रखर राहिला, तर पट्टा घसरतो का ते आधी पाहावे. पट्टा ठीक असल्यास डी प्लसची वायर काढावी आणि तरीही दिवा लागलेलाच असेल, तर ती वायर कुठेतरी चासीला टेकली आहे. दिवा अंधूक मिणमिणत असेल, तर दोन कारणे संभवतात. एक म्हणजे एखादा डायोड गेलेला असणे. दुसरे कारण सहसा ध्यानात येत नाही: बॅटरीपासून इग्निशन स्विचपर्यंतच्या वाटेत गंज असेल, तर दिव्याच्या स्विचकडील टोकाचा व्होल्टेज डी प्लसपेक्षा कमी राहतो आणि तेवढ्या फरकावर दिवा मिणमिणतो. हेडलाइट लावल्यावर मिणमिणणे वाढत असेल, तर संशय या वाटेवरच घ्यावा. चावी बंद असतानाही दिवा जळत असेल, तर डायोड शॉर्ट झालेला आहे आणि दुरुस्ती होईपर्यंत बॅटरीची केबल काढून ठेवावी.

दिवा नीट विझतो, पण बॅटरी भरत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त आढळते आणि तिच्यासाठी व्होल्टेजची घट मोजणे हा खात्रीचा उपाय आहे. इंजिन मध्यम वेगावर ठेवून सर्व दिवे लावावेत. मल्टिमीटरचे एक टोक बी प्लसच्या स्टडवर आणि दुसरे थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर ठेवावे, केबलच्या क्लॅम्पवर नव्हे. ०.३ व्होल्टपर्यंतचा आकडा चालेल. नंतर एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवावे. तिथे ०.२ पेक्षा जास्त येऊ नये. समजा, बी प्लसच्या वाटेवर १.३ व्होल्टची घट मिळाली. आता बॅटरीकडील टोक जागेवर ठेवून दुसरे टोक स्टडवरून लगवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर), लगवरून फ्यूजच्या अलीकडे, मग पलीकडे, मग अ‍ॅमीटरच्या एका नटवर आणि नंतर दुसऱ्या नटवर असे एकेक जोड पुढे सरकवत जावे. आकडा ज्या जोडावर एकदम खाली येतो तोच दोषी. तिथले इन्सुलेशन सोलले, तर तांब्याच्या तारा बहुधा काळ्या पडलेल्या दिसतात, लगच्या तोंडाशी हिरवी भुकटी जमलेली असते आणि प्लास्टिक उष्णतेने तपकिरी व कडक झालेले असते. असा जोड नुसता आवळून भागत नाही. वायर चकाकणाऱ्या तांब्यापर्यंत मागे कापावी आणि नवा लग दाबून बसवावा.

घट दोन्ही बाजूंना कमी आहे आणि तरीही बी प्लसवर तेरापेक्षा कमी व्होल्ट आहेत, तेव्हाच अल्टरनेटर उघडण्याची वेळ येते. उघडण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून, इंजिन चालू व दिवे लावलेले असताना बॅटरीवर मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला, तर डायोड खराब आहे. आत कार्बन ब्रश सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत झिजले असतील, तर ते बदलावेत. काळपट स्लिप रिंग बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ कराव्यात. दोन स्लिप रिंगांमध्ये साधारण ३ ते ५ ओहम मिळावेत आणि कोणत्याही रिंगपासून रोटरच्या लोखंडापर्यंत अजिबात जोड नसावा. काढलेला डायोड मल्टिमीटरच्या डायोड चाचणीत एका दिशेने सुमारे अर्धा व्होल्ट दाखवतो आणि उलट दिशेने काहीच दाखवत नाही. दोन्ही दिशांनी सारखेच आले, तर तो गेला.

व्होल्टेज पंधराच्या वर जात असल्यास रेग्युलेटर किंवा त्याची व्होल्टेज ओळखणारी वायर तपासावी. बॅटरीचे पाणी वारंवार कमी होणे आणि बल्ब लवकर जाणे ही त्याची बाहेरून दिसणारी लक्षणे आहेत.

ट्रॅक्टर उभा असताना बॅटरी उतरत असेल, तर तिची निगेटिव्ह केबल काढून ती आणि खुंटी यांच्यामध्ये मल्टिमीटर अँपिअरवर लावावा. चावी मात्र या काळात फिरवू नये. जुन्या ट्रॅक्टरवर सर्व बंद असताना फक्त काही मिलिअँपिअर दिसायला हवेत. आकडा मोठा असल्यास बी प्लसची वायर काढून पाहावे, मात्र काढलेले टोक कशालाही टेकू देऊ नये. आकडा लगेच खाली आला, तर गळती डायोडमधून आहे. तसाच राहिला, तर फ्यूज आणि स्विच एकेक करून सोडवत जावे.

दुरुस्तीनंतर पुन्हा बसवताना पट्टा नवा घातला असेल, तर तो पहिल्या काही तासांच्या कामात ताणला जातो. त्यानंतर एकदा इंजिन बंद करून त्याचा ताण, ब्रॅकेटचे बोल्ट आणि बी प्लसचा नट हे तिन्ही पुन्हा तपासून घ्यावेत.